मागची गाडी

माझ्या नवऱ्याला तक्रारीचं व्यसन आहे. लोकांच्या नवऱ्यांना तंबाखूचं असतं, पत्त्यांचं असतं. ती व्यसनं परवडली, त्यात माणूस एका जागी बसतो तरी. आमचे हे सोड्याच्या बाटलीत गॅस कमी निघाला म्हणून अंबाजोगाईपर्यंत जाऊन भांडून येतात. नाव घेत नाही. सगळं घाटनांदूर त्यांना अप्पा म्हणतं, मीही अप्पाच म्हणते. बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या माडीवर 'प्रवासी व ग्राहक हक्क संघटना' आहे. तिचे अध्यक्ष अप्पा, सचिव अप्पा, आणि वर्गणी थकली म्हणून ज्यांना नोटीस गेली ते सभासदही अप्पाच. संघटनेचा शिक्का ते खिशात घेऊन फिरतात. त्यांच्या एकूण एक सदऱ्यांचे खिसे जांभळे झालेत, आणि ते सदरे मी धुते.

गंमत म्हणजे आमच्याच गल्ल्यावर पाटी आहे, 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' हे कसं काय, म्हणून मी एकदा विचारलं. तर म्हणाले, "गल्ल्यावर बसलो की मी दुकानदार. खाली उतरलो की ग्राहक." मी विषय सोडला. इतकी वर्षं संसार केल्यावर बाईला कोणता विषय कधी सोडायचा ते कळतं.

अप्पांचा सगळ्यात मोठा पराक्रम मांजरसुंब्याच्या घाटातला. एसटी बंद पडली होती आणि कंडक्टर झाडाखाली बसून 'मेकॅनिक येईल' म्हणत होता. अप्पांनी त्याला सुनावलं, आम्ही तिकीट गाडीचं नाही काढलं, गावाचं काढलंय. ही चालत नसेल तर मागच्या गाडीत बसवून दे, ते तुझं काम आहे. मागची गाडी आली ती खच्चून भरलेली. अप्पा रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, तिला थांबवलं, आणि आधी बायामाणसं, लेकरं, म्हातारीकोतारी चढवली. गडीमाणसं खालीच राहिली, त्यात हेही. संध्याकाळी उन्हानं लाल होऊन घरी आले, पण असे खूश, जसं काही पोरीचं लग्न जमलं. तेव्हापासून जगातल्या हरेक दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध आहे, मागची गाडी.

सत्त्याण्णव सालच्या जुलैत हे औषध घेऊन ते विमानतळावर गेले. मी सोबत होते म्हणून सांगते.

मल्लम्मा ही अप्पांची थोरली बहीण, माझी नणंद. आम्ही तिला अक्का म्हणतो. गावातच दिलेली, आमच्यापासून चार घरं सोडून. तिची एकुलती एक लेक शिवांजली तेव्हा मुंबईला असायची. जावई रवी इंजिनियर. त्या दिवसांत जो तो बाहेर चालला होता, तशी रवीलाही मस्कतची नोकरी लागली. शिवांजलीला पाचवा महिना. म्हणजे पहिलं बाळंतपण तिकडेच, परक्या मुलखात, आईवाचून. अक्कानं एकच धरून ठेवलं होतं, पोरीची ओटी भरल्याशिवाय तिला समुद्रापलीकडे जाऊ द्यायचं नाही. रविवारी मुंबईला जायचं, आठ दिवस राहायचं, तिला हवं-नको ते खाऊ घालायचं, ओटी भरायची आणि मग निरोप द्यायचा, असं ठरलं होतं. खण, साडी, तांदूळ, हळकुंडं, खारका, सगळं काढून ठेवलं होतं. नारळ तर तिनं आठवडाभर कानाशी हलवून हलवून निवडला होता.

आणि बुधवारी दिवेलागणीला दुकानातला फोन वाजला. रवी होता. कंपनीनं तारीख अलीकडे ओढली, उद्या संध्याकाळीच विमान आहे, दुपारी आत जावं लागेल. मुंबईची एसटी नुकतीच निघून गेली होती. अक्काला बोलावून सांगितलं, तशी ती दुकानातल्या गादीवर बसली. ती रडणारी बाई नाही. "मंग ऱ्हायलं," एवढंच म्हणाली. रडली असती तर मला कमी वाईट वाटलं असतं.

अप्पांनी औरंगाबादच्या एजंटला फोन लावला. सकाळी एक विमान होतं, दुपारच्या आत मुंबईला नेणारं. अप्पांनी दोन तिकिटं सांगितली, एक अक्काचं आणि एक स्वतःचं. "अक्का एकटी कशी जाईल?" म्हणाले. खरं कारण त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. पण बहिणीची माया आणि विमानाची हौस एकाच तिकिटात बसत असेल तर आपण कशाला बोलायचं? अक्काच्या यजमानांना, राजेश्वर दाजींना, माडीचा जिना चढतानाही घेरी येते. ते घरीच थांबले. मी मात्र त्याच रात्री जीपमध्ये चढले. विमान जवळून बघायचं होतं, खोटं कशाला बोलू.

जीप युसूफभाईची. युसूफभाई आमच्या गावचा मेकॅनिक, आणि त्याची जीप म्हणजे त्याच्या हुशारीचा पुरावा, कारण दुसऱ्या कुणाच्या हातात ती चालली नसती, आणि मुंबईपर्यंत तर त्याच्याही हातात नाही. सगळ्या रस्त्यानं तो अक्काला शिकवत होता. "अक्का, बसायच्या आदी ऊन कोन्या बाजूला येतंय ते बघून घ्या. आन चाकावरची सीट घेऊ नका, लई हादरे बसतेत."

सकाळी चिकलठाण्याच्या विमानतळावर पोचलो. अक्कानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर दाराजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पण सवय ती सवय. दोन गाठोडी तिनं मांडीवर घेतली. एक ओटीचं आणि एक धपाट्यांचं, कारण प्रवास म्हटला की धपाटे, मग तो जमिनीवरून असो की वरून.

आम्ही ज्या कंपनीचं तिकीट काढलं होतं ती नवीनच निघालेली होती. पोरींच्या साड्या पोपटी, भिंतीवरची पाटी पोपटी, म्हणून मी तिला पोपटी कंपनीच म्हणते. खरं नाव सांगत नाही. बिचारी दोन वर्षांत बंद पडली, आणि मेलेल्याविषयी वाईट बोलू नये.

थोड्या वेळानं त्या पोपटी पोरीनं माइकवरून आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत सांगितलं की मुंबईत पाऊस फार झाल्यामुळे आपलं विमान रद्द झालं आहे. अक्काला कळलं नाही. मी सांगितलं. तिनं ओटीचं गाठोडं पोटाशी घट्ट धरलं आणि अप्पांकडे पाहिलं.

अप्पा उठले. त्यांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो लग्नात मला बघूनही पडला नव्हता.

काउंटरवर साजिद नावाचा तरुण मॅनेजर होता. गळ्यात टाय, नावाचा बिल्ला, आणि बोलणं गोड. "उद्या सकाळी या काका. उद्याच्या विमानात बसवतो."

"आन आज कुठं जायचं?"

"घरी जा ना."

"घर घाटनांदूरला हाय. उद्या येऊन बी उपेग न्हाई. बहिणीला दुपारपत्तुर मुंबईत पोचायचंय."

"पण पाऊस पडला त्याला आम्ही काय करणार? पाऊस काय आमच्या हातात आहे?"

"न्हाई," अप्पा म्हणाले. "पावसाचा दंड मी तुमाला मागतच न्हाई. एसटीचा पट्टा तुटतो, तो बी कंडक्टरच्या हातात नसतो. म्हणून काय तो म्हणतो का, उद्या या? तो मागच्या गाडीत बसवून देतो. तुमी बी द्या."

"कुठली मागची गाडी?"

अप्पांनी बोट दाखवलं. पलीकडे दुसऱ्या कंपनीचं काउंटर होतं, तिथल्या पोरींच्या साड्या आकाशी. फळ्यावर त्यांचं दुपारचं विमान लिहिलेलं होतं. मुंबईहून येणार आणि लगेच परत जाणार.

"ती वेगळी कंपनी आहे काका. आमचं तिकीट तिथं चालत नाही."

"बीड डेपोची गाडी बंद पडली तर अंबाजोगाई डेपोची थांबवीत न्हाईत का? आन त्यांचं विमान येतंय म्हंजे पाऊस उघडलाय. मंग तुमचं कावून येत न्हाई?"

साजिद जरा घुटमळला. पाऊस उघडला हे खरं होतं. पण तोवर कंपनीनं ते विमान दुसऱ्या गावाला पाठवून दिलं होतं, जिथं गर्दी जास्त होती. हे तो बोलून गेला आणि मग त्याला वाटलं, बोललो नसतो तर बरं झालं असतं.

"म्हंजे आता पाऊस मधी न्हाईच," अप्पा शांतपणे म्हणाले. "आता फकस्त तुमची कंपनी हाय."

असं काही सापडलं की त्यांचा आवाज खाली येतो. तो खाली आला की मी घाबरते. ते मागे वळले आणि हॉलमध्ये बसलेल्या प्रवाशांना उद्देशून भाषण सुरू केलं. विमानानं जाणारी माणसं तक्रार करायला लाजतात, हे मला त्या दिवशी कळलं. सगळे कोट-टायवाले वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, जसं काही रद्द झालेलं विमान म्हणजे घरातलीच बेअब्रू आणि ती चारचौघांत बोलायची नसते. अप्पा म्हणाले, "ज्याला पैसे परत पायजेत त्याला पैसे. ज्याला उद्याच्यानं जायचं त्याला आजचं जेवण आन रातचा मुक्काम. ज्याला आजच जायचं त्याला मागची गाडी. आन यातलं काय घ्यायचं ते आपून ठरवायचं, यांनी न्हाई. तिकीट आपलं हाय."

"असा नियम कुठं लिहिलाय?" साजिदनं विचारलं.

"तिकिटावर लिवलंय की, औरंगाबाद ते मुंबई. दुसरं काय लिवायचं असतं? नेत नसाल तर तसं लिहून द्या, मी शिक्का मारतो." आणि त्यांनी खिशातून शिक्क्याची डबी काढून काउंटरवर शिक्का हाणलासुद्धा. समोर कागद नव्हता म्हणून तो साजिदच्या वेळापत्रकावर उमटला. मग ते काउंटरसमोर खाली फरशीवर मांडी घालून बसले. त्यांच्या शेजारी युसूफभाई बसला.

"तुमचं तिकीट?" साजिदनं त्याला विचारलं.

"मी जीपवाला हाय," युसूफभाई म्हणाला. "सहज बसलोय. फरशी गार हाय."

मला वाटलं आता पोलीस येणार. पण एका टायवाल्यानं पेपर घडी करून खाली अंथरला आणि त्यावर बसला. मग दुसरा. मग एक बाई. लाज मोडायला पहिला माणूस लागतो, पुढचे आपोआप येतात. फरशी भरली तसा साजिद आत गेला आणि मुंबईच्या ऑफिसला फोन लावून बसला. काचेतून तो दिसत होता, एका हातानं फोन आणि दुसऱ्या हातानं कपाळ.

बाहेर आला तेव्हा टाय सैल झालेला होता. वरिष्ठांनी तिन्ही गोष्टी मान्य केल्या, म्हणाला. पैसे, नाहीतर मुक्काम, नाहीतर दुसऱ्या कंपनीचं विमान. फक्त त्या विमानात जागा एकच आहे.

"अक्का, उठ," अप्पा म्हणाले.

"थांबा काका. यादीत पहिलं नाव ज्यांचं, त्यांना ती जागा जाते." साजिदनं यादी पाहिली. "मिस्टर डी. के."

एक उंच, गोरागोमटा माणूस पुढे आला. सुटाबुटातला, कमरेला पेजर, अत्तराचा वास. फरशीवर न बसलेला तो एकटाच. साजिदशी तो इंग्रजीतच बोलला आणि तिकिटासाठी हात पुढे केला. अप्पा त्याला आडवे गेले. म्हणाले, साहेब, बंद पडलेल्या गाडीतली आधी बायामाणसं बसवतात, यादीबिदी तिथं नसते. तो माणूस हसला आणि म्हणाला, "धिस इज नॉट एसटी."

तेवढ्या चार शब्दांत त्यानं अप्पांचं औषधच काढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा त्यांना पुढचं वाक्य सुचत नव्हतं. मी एरवी त्यांना दहा वेळा गप्प बसा म्हणते, पण त्या घडीला ते गप्प झालेले मला बघवेनात.

अक्का म्हणाली, "असू दे अप्पा. त्यांचं बी काम असंल. नंबर त्यांचा हाय." आणि तिनं गाठोडं सोडलं. ओटीचं नाही, दुसरं. गाडी बंद पडली, माणसं भुकेजली, की ज्याच्याजवळ असेल त्यानं सोडायचं असतं. फरशीवर बसलेल्या सगळ्यांना तिनं धपाट्याचा तुकडा आणि वर चटणी दिली. साजिदला दिली. पोपटी पोरीला दिली. मिस्टर डी. के. यांच्यापुढेही हात केला. ते आधी नको म्हणाले. मग वास नाकात गेला असावा. टाय खांद्यावर टाकून त्यांनी एक घास घेतला, आणि दुसरा घेताना थांबले.

"चटणीत कारळं हायत?" त्यांनी विचारलं. मराठीत.

"कारळं आन जवस. कोन्या गावचा रं बाळा तू?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "आष्टी."

"आन डी. के. म्हंजे काय? आईनं नाव काय ठेवलंय?"

"धुळाजी."

फरशीवरचे दोघं-तिघं हसले, पण अक्का हसली नाही. "चांगलं नाव हाय की," म्हणाली आणि अजून एक धपाटं त्यांच्या हातावर ठेवलं. "खा. मुंबईत जाऊन कव्हा जेवशील काय माहीत."

"तुमी कशाला चाललाव मुंबईला?"

"पोरीची ओटी भरायची हाय. पाचवा महिना हाय तिला. आज मस्कतला चालली. मी पोचले तर भरीन, न्हाई तर ती तशीच जाईल." अक्का हे जसं भाजीचा भाव सांगावा तसं बोलली.

धुळाजीनं ते धपाटं पुरतं खाल्लं. रुमालाला हात पुसले. मग अप्पांकडे बघून म्हणाला, "आमची आष्टीची गाडी चढाला हमेशा बंद पडायची. बाया गाडीतच बसून ऱ्हायच्या. गडीमाणसं खाली उतरून धक्का मारायची. मी ल्हान होतो तरी मला बी उतरवायचे. मोठा झालास बे, उतर, म्हणायचे." तो काउंटरकडे गेला. "ओ मॅनेजर. माझी जागा या अक्काला द्या."

"पण सर, तुमची मीटिंग..."

"गाडी बंद पडली की गड्यानं उतरायचं असतं. एवढं बी ठावं न्हाई का तुमाला?" त्याची इंग्रजी जी खाली उतरली, ती आम्ही निघेपर्यंत पुन्हा वर चढली नाही.

जागा मिळाली, तर अक्काच बसून राहिली. "एकटी? मी न्हाई जात. मी परळीला गेलते तेवढीच एकटी. अप्पा, तू चल."

"एकच जागा हाय अक्का," अप्पा म्हणाले आणि काचेतून बाहेर पाहिलं. आकाशी कंपनीचं विमान तेवढ्यात उतरून समोर येऊन उभं राहिलं होतं. ते त्यांनी असं पाहिलं, जसं पोर मिठाईच्या दुकानाकडे बघतं. नवा सदरा घालून आलेला माझा नवरा, त्याच्या खिशाला अजून जांभळा डागसुद्धा नीट पडला नव्हता. मला त्यांची फार माया आली. पण अप्पा बोलले ते एवढंच, "मला काय बघायचंय त्या इमानात? हवाच हाय."

तरी अक्का उठेना. मग मीच म्हणाले, "अक्का, तुम्ही नाही गेलात तर तिथं ओटी कोण भरणार? यांना पाठवलं तर हे ओटीत शिक्का मारून येतील." अक्का हसली. हसली की तिचा हट्ट मोडतो. पदर खोचून उठली.

रवीला फोन करून सांगून ठेवलं. तपासणीच्या दारापुढे आम्हाला जाऊ देत नव्हते, पण काचेतून सगळं दिसत होतं आणि दार उघडलं की ऐकूही येत होतं. तिथल्या शिपायानं यंत्रात ओटीचं गाठोडं घातलं आणि नारळापाशी अडला. हा गोल काय आहे, फोडून दाखवा, म्हणाला. ओटीचा नारळ फोडायचा नसतो. अप्पा काचेवर हात आपटायला लागले. अक्कानं मागे पाहिलंसुद्धा नाही. शिपायाला म्हणाली, "फोड की बाबा. पर फोडला की मंग ही ओटी तुझ्याच पदरात घालावी लागंल. पाचवा महिना हाय बघ." शिपायानं नारळ दोन्ही हातांनी गाठोड्यात परत ठेवला आणि वरून गाठसुद्धा मारून दिली.

विमानाच्या शिडीपाशी अक्का थांबली. पायरीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि वर गेली. दार बंद झालं. विमान हलेना तसा युसूफभाई म्हणाला, "अप्पा, धक्का मारायचा का?" अप्पा हसले नाहीत. विमान उडून ढगात दिसेनासं झालं तरी ते मान वर करून उभेच होते.

उरलेल्यांपैकी कुणी पैसे घेतले, कुणी मुक्काम. अप्पांनी मुक्काम घेतला, कारण अक्काला परत आणायला उद्या जायचंच होतं. हॉटेलात खोली एका माणसाची होती. तिच्यात आम्ही तिघं झोपलो, युसूफभाई आणि अप्पा खाली आणि मी पलंगावर. जेवण ताटलीला ताटली लावून मांडलेलं, हवं तेवढं घ्या. युसूफभाईनं विचारलं, "हवं तेवढं म्हंजे कवर?" सगळ्यांनी पोटभर खाल्लं, पण अप्पांचं लक्ष जेवणात नव्हतं. मुंबईत अक्का जिथं उतरणार होती त्या रवीच्या भावाच्या घरी फोन लावला तर लागत नव्हता. पावसानं तिकडच्या लाइनी बंद होत्या. अक्का पोचली की नाही, कुणाला ठाऊक. रात्रभर ते कूस बदलत होते. विमान उशिरा पोचलं असेल तर आकाशी कंपनीवर तक्रार करायची, असंही मध्येच एकदा म्हणाले. पण त्यात जोर नव्हता.

सकाळी हॉटेलशेजारच्या पीसीओवरून फोन लागला. अक्काच होती. अप्पांनी रिसीव्हर मधोमध धरला म्हणून मलाही ऐकू आलं.

अक्काचं विमान मुंबईवर घिरट्या घालत राहिलं आणि बऱ्याच उशिरानं उतरलं. पुढे रस्त्यात पाणी. रवीनं तिला टॅक्सीत घातलं, आणि शिवांजली जिथून जाणार होती त्या विमानतळावर पोचेपर्यंत आत जायची वेळ उलटून गेली होती. अक्का म्हणाली, टॅक्सीतच मी देवाला सांगून टाकलं की आता माझं काही मागणं नाही. पण पावसानं सगळ्यांचीच विमानं मागं पडली होती, शिवांजलीचंही. मध्यरात्रीपर्यंत निघणार नव्हतं. पोर बाहेरच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलेली होती. अक्कानं तिथंच टॉवेल अंथरून तिची ओटी भरली. अनोळखी बायकांनी तांदूळ टाकले. मग दोघी उरलेले धपाटे खात तासन्‌तास बोलत बसल्या. आठ दिवसांचं सगळं बोलून झालं, म्हणाली.

"तवर विमान लेटच?" अप्पांनी विचारलं. "आन रवीनं काय केलं? मागची गाडी मागितली का न्हाई? मी शिकवलंय त्याला."

"उठला होता की भांडायला. तुझ्यावानीच बाह्या वर केल्या." अक्का तिकडे हसत असावी. "मी त्येला खाली बसवलं. म्हणलं, जावईबापू, हा उशीर तुमचा असंल. माझ्यासाठी ते इमान येळेवर हाय."

पीसीओच्या डब्यावर लाल आकडे पळत होते. एरवी त्या आकड्यांवरही ते वाद घालतात. आज अप्पा रिसीव्हर तसाच मधोमध धरून उभे होते, आणि पलीकडून अक्का "अप्पा, हायेस का रं?" म्हणून विचारत होती.

मग आम्ही विमानतळावर गेलो. साजिद होता, धुळाजी होता, कालची बरीचशी मंडळी होती. बसतो न बसतो तोच पोपटी पोरगी माइकवर आली. आजचं विमान तासभर उशिरा येणार होतं. सगळा हॉल एकदम अप्पांकडे वळला. धुळाजीनं तर रुमाल काढून फरशीवर पसरलाही. "चला अप्पा. बसायचं न्हवं का खाली?"

अप्पांचा हात खिशातल्या डबीकडे गेला आणि तसाच राहिला.

"थांब धुळाजी," ते म्हणाले. "कुणाची तरी अक्का रस्त्यात असंल."

ते खुर्चीवर मागे टेकले. घडीभर डोळे मिटून बसले. मग एक डोळा उघडून म्हणाले, "चहा मात्र मागून घे. त्यो हक्काचा हाय."

साजिद चहा घेऊन आधीच निघाला होता.